कोणतं पुस्तक वाचू, आणि उधारी मागू की नको?

आदरणीय ताई,

मी नवापूर तालुक्यातला, वय ३४. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत शिकले, त्यांचं पवित्र शास्त्र अजून घरात आहे. आधी मी दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला होतो, चार वर्षांपूर्वी स्वतःचं कृषी सेवा केंद्र टाकलं. धंद्यातलं घरात कुणालाच काही माहीत नाही, म्हणून पुस्तकांचा आधार घेतला. सकाळी बायबल, दुपारी गिऱ्हाईक नसलं की ‘रिच डॅड पुअर डॅड’सारखी धंद्याची पुस्तकं, आणि रात्री संमेलनातून आणलेली ख्रिस्ती यशाची पुस्तकं. इंग्रजीही हळूहळू वाचतो.

आता डोकं चालेनासं झालं आहे. एका पुस्तकात लिहिलंय, दशांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा भाग, बियाण्यासारखा पेरा, शंभरपट परत येईल. मी नेमाने देतो, पण काहीच परत आलं नाही. दुसऱ्यात लिहिलंय, धंद्यात भावना आणू नका. तिसऱ्यात, रोज आरशासमोर उभं राहून ‘मी यशस्वी आहे’ म्हणा. इकडे माझी साडेसहा लाखांची उधारी बाहेर आहे आणि वितरकाचे तीन लाख थकले आहेत. उधारीवाले बहुतेक नात्यातले किंवा चर्चच्या मंडळीतलेच. मागायला गेलं तर ‘विश्वासी माणूस असून तगादा लावतो’ म्हणतात. शेजारचे काहीजण चोरबीटी, म्हणजे परवानगी नसलेलं कापसाचं बियाणं, विकून एका हंगामात मोकळे होतात, मी विकत नाही. आमचा आठवडे बाजार रविवारी भरतो, त्या दिवशी दुकान बंद ठेवतो, त्याचंही नुकसान. बायको म्हणते, पुस्तकं बंद करा आणि दुकानाकडे बघा.

माझी श्रद्धा कमी पडते की अक्कल? कोणती पुस्तकं वाचू?

— एक वाचक, नंदुरबार जिल्हा

भाऊ,

तुमची श्रद्धाही कमी पडत नाही आणि अक्कलही. तुम्ही तीन वेगळ्या जातीची पुस्तकं एकदम वाचताय आणि तिन्हींना एकच प्रश्न विचारताय, की माझं भलं कधी होईल. म्हणून डोकं चालेना. तिसऱ्या जातीपासून, म्हणजे संमेलनातल्या यशाच्या पुस्तकांपासून सुरुवात करते, कारण तुमचं दुखणं तिथलं आहे.

दशांश देणं चांगलं आहे, तो देत राहा. पण देवाला दिलेला पैसा म्हणजे ठेव आणि आशीर्वाद म्हणजे तिच्यावरचं व्याज, ही शिकवण तुमच्या आजोबांच्या शास्त्रातली नाही. ती फार अलीकडची आहे आणि बरीचशी अमेरिकेतून आलेली आहे. तिकडे १९२५ साली ब्रूस बार्टन नावाच्या जाहिरात व्यवसायातल्या माणसाने येशूवर एक पुस्तक लिहिलं. त्यात येशू हा आधुनिक धंद्याचा संस्थापक होता, साध्या बारा माणसांना हाताशी धरून त्याने जग जिंकणारी संघटना उभी केली, अशी मांडणी होती. पुस्तक तुफान खपलं. १९५२ साली न्यूयॉर्कचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचं सकारात्मक विचारांवरचं पुस्तक आलं, तेही लाखोंनी वाचलं. तुमच्या आरशासमोरच्या वाक्याची वंशावळ शोधली तर ती त्याच बाजूला जाते. मनाला उभारी देणारं काही वाचण्यात गैर नाही. पण उभारी आणि श्रद्धा एक नव्हेत, आणि उभारी ओसरली की माणसाला वाटतं श्रद्धाच संपली. तुमचं नेमकं तेच झालं आहे.

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीची टक्केवारी असते, लॉट नंबर असतो, मुदत असते. ‘एकरी इतके क्विंटल नक्की’ असं कुणी छापून दिलं तर तुम्ही ती पिशवी दुकानात घेणार नाही. पुस्तकालाही तीच नजर लावा.

आता आजोबांचं शास्त्र उघडा आणि हबक्कूकचा तिसरा अध्याय काढा. शेवटच्या ओळींमध्ये तो संदेष्टा म्हणतो की अंजिराला बहर आला नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. बोंडअळीचं वर्ष पाहिलेल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. पेरलं त्याच्या शंभरपट मिळालं, म्हणून आनंद, असं तो म्हणत नाही. पौल तर प्रेषित होता, तरी करिंथात तंबू शिवून पोट भरत होता, आणि आपण उपाशी राहिलो, थंडीत उघडे राहिलो असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याची श्रद्धा कमी होती म्हणून पैसा आला नाही, असं तुमच्या संमेलनातला कुणी म्हणेल का?

आणखी एक गोष्ट, आपल्याच भागातली. अंमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना काढणारे मोहम्मद हाशम प्रेमजी मुसलमान होते, त्या कारखान्याची पुढे विप्रो झाली. जळगावला ठिबक सिंचनाचा एवढा मोठा उद्योग उभा करणारे भवरलाल जैन जैन होते. नफा हा खऱ्या श्रद्धेचा दाखला असेल तर या माणसांबद्दल आपण काय म्हणायचं? आणि सातपुड्यातल्या पाड्यावर मिठाभाकरीवर राहून प्रार्थना करणाऱ्या म्हातारीबद्दल काय म्हणायचं? धंदा नीट शिकला, कष्ट केले, काळ अनुकूल असला तर चालतो, आणि पावसासारखा तो सगळ्यांसाठी सारखा आहे. येशूनेही पाऊस नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पडतो असंच म्हटलं आहे.

धंद्याच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. ती वाचा, पण त्यांतून तंत्र घ्या, जगावं कसं ते घेऊ नका. तुम्ही नाव घेतलेल्या पुस्तकात लेखक म्हणतो, जी खिशात पैसा आणते ती मालमत्ता, जी खिशातून पैसा नेते तो बोजा. एवढं एक वाक्य घेऊन तुमची उधारीची वही समोर ठेवा. कागदावर साडेसहा लाख येणं दिसतं, म्हणजे मालमत्ता. पण त्या मालाचे पैसे तुम्ही वितरकाला देणं लागता, आणि गिऱ्हाइकाकडून ते कधी येतील ते ठाऊक नाही. म्हणजे आज तरी ती वही तुमच्या खिशातून पैसा नेते आहे. त्या पुस्तकातलं घरं विकत घेणं, भाड्याने देणं, अमेरिकेतला कर वाचवणं हे सगळं सोडून दिलं तरी चालेल, नवापुरात त्याचा काही उपयोग नाही.

मी बँकेच्या कर्जविभागात नोकरी केली. दुकानं बसतात ती बहुतेक वेळा विक्री नसल्यामुळे नाही, विक्री झाली पण पैसा आला नाही म्हणून. तेव्हा आता उधारीवर सविस्तर बोलू या, कारण तुमची श्रद्धा आणि तुमचा धंदा दोन्ही तिथेच अडले आहेत.

ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या पुस्तकांचा एक आवडता नायक आहे, बायबलमधला नहेम्या. यरुशलेमचा कोट त्याने ५२ दिवसांत बांधून काढला, त्यावरून नियोजन कसं करावं, माणसं कामाला कशी लावावी, याचे धडे देतात. पण पाचव्या अध्यायावर ही पुस्तकं फारशी थांबत नाहीत. कोट अर्धा झालेला असताना गरीब लोक ओरड करत येतात की धान्यासाठी आम्ही शेतं गहाण टाकली, द्राक्षमळे टाकले, पोरंबाळं दास्यात द्यायची वेळ आली, आणि घेणारे आमचेच भाऊबंद आहेत. नहेम्या संतापतो. सावकारांना गोळा करून बोलतो, आणि मी व माझे लोकही पैसा आणि धान्य कर्जाने देत आलो आहोत, आता हे व्याज सोडून देऊ, असं म्हणतो. शेतं परत करायला लावतो. माझ्या मते धंदा करणाऱ्या ख्रिस्ती माणसाने नहेम्याचा हा अध्याय आधी वाचावा, कोटाचं नंतर.

पण त्याचा अर्थ उधारी मागायचीच नाही, असा होत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चोविसावा अध्याय बघा. शेजाऱ्याला काही उसनं दिलंस तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल, आणि तो गरीब असेल तर त्याचं पांघरूण सूर्यास्ताच्या आत परत कर. यात मागायला मनाई कुठेच नाही. दिलेलं परत यावं हे धरूनच चाललं आहे. नियम आहे तो मागताना कुठे उभं राहायचं याचा. देणेकऱ्याचं दार, त्याच्या बायकापोरांसमोरची त्याची मान, रात्रीचं पांघरूण, यांना हात लावायचा नाही. ‘विश्वासी असून तगादा लावतो’ म्हणणाऱ्यांना हेच सांगा की घेतलेलं परत करणं ही विश्वासी माणसाचीच गोष्ट आहे. शांतपणे सांगा, पण सांगा.

आता हे प्रत्यक्ष कसं करायचं. वही उतरवून काढा: या हंगामाची उधारी, गेल्या वर्षाची, त्याहून जुनी. मग प्रत्येक नावासमोर लिहा की या माणसाला देता येत नाही की तो देत नाही. हे ठरवायला बायकोला शेजारी बसवा. कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाचा कापूस विकून नवी मोटरसायकल आली, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. देऊ शकणाऱ्यांकडे आधी जा, एकट्याने, घरी किंवा शेतावर. ‘भाऊ, दिवायीले देसू’ हे उत्तर मोघम घेऊ नका, तारीख आणि रक्कम वहीत लिहून सही घ्या. जे कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जातं त्याच्याशी दिवाळीचा वायदा करण्यात अर्थ नाही, ते परत येईल तेव्हाचा करा. ज्यांचं पीक खरंच बुडालं त्यांना हप्ते बांधून द्या, आणि काही नावं अशी निघतील की तिथे रक्कम सोडून देणंच बरं. ती सोडलीत तर त्या माणसाला स्पष्ट सांगा, म्हणजे तो दुकानासमोरून मान खाली घालून जाणार नाही.

चर्चच्या आवारात उधारी काढू नका. उपासना सुटल्यावर दारात गाठू नका. पाळकांना मध्ये घालू नका, आणि प्रार्थनेत ‘देणेकऱ्यांना बुद्धी दे’ असं तर कधीच म्हणू नका. कुणाला देवाच्या घरी यायला तुमच्यामुळे संकोच वाटला तर ते नुकसान कोणत्याच वहीत भरून निघत नाही. आणि वितरकाकडे तारखेच्या आधी स्वतः जा, हाती असेल तेवढी रक्कम घेऊन. कर्जदार हप्ता चुकण्याआधी येऊन बोलला की समोरचा माणूस वेगळं वागतो, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलं आहे.

या सगळ्यावर एक पुस्तक मला तुमच्यासाठी सुचतं, आणि ते यशाचं अजिबात नाही. जॉन वूलमन नावाचा माणूस १७२० साली न्यू जर्सीत जन्मला. क्वेकर पंथाचा ख्रिस्ती. शिंपीकाम करायचा आणि सोबत दुकान चालवायचा. त्याची रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर, १७७४ साली छापली गेली आणि अजून वाचली जाते. त्यात तो लिहितो की आमच्याकडे माल बहुतेक उधारीवर विकण्याची पद्धत, गरीब लोक त्यात कर्जात बुडतात, आणि वेळेवर देता आलं नाही की सावकार कोर्टात खेचतात. हे वारंवार पाहून तो गरीब गिऱ्हाइकांना सांगू लागला की स्वस्त आणि उपयोगी तेवढंच घ्या. विक्री वाढायला लागली तशी त्याला बोच लागली, आणि शेवटी गिऱ्हाइकांना आधी कल्पना देऊन त्याने दुकानदारी कमी करत नेली व शिंपीकामावर राहिला. गुलामाच्या विक्रीचा कागद लिहायची पाळी आली तेव्हा त्याने एकदा लिहिला, मनाला लागलं, आणि नंतर नकार द्यायला शिकला. त्याचं इंग्रजी जुनं आहे पण साधं आहे. तुम्ही हळूहळू वाचाल.

तुम्ही दुकान बंद करावं म्हणून मी हे सुचवत नाही. पण अडीचशे वर्षांपूर्वीचा एक दुकानदार उधारीच्या वहीकडे बघून देवासमोर विचार करतो आहे, हे वाचलं की तुमच्या एकटेपणाला सोबत मिळेल. शिवाय त्याने गिऱ्हाइकाला दिलेला सल्ला तुमच्या दुकानात रोज लागू पडतो. शेतकरी कीड दाखवायला पान घेऊन येतो. एका औषधात काम होणार असेल तर तिसरी बाटली पिशवीत घालू नये. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेलं आहे. टंचाईच्या दिवसांत त्यावर वरचे पैसे घेऊ नयेत, आणि सोबत नको असलेलं खत गळ्यात मारू नये. वरूनच लिंकिंग करून, म्हणजे एका मालाला दुसरा जोडून, माल येतो, ही दुकानदाराची अडचण मला माहीत आहे. ती शेतकऱ्यावर ढकलण्याआधी वितरकाशी भांडून बघावं, आणि जमलं नाही तर शेतकऱ्याला खरं काय ते सांगावं.

चोरबीटी तुम्ही विकत नाही, हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत. मला वाटतं, तुमच्या चार वर्षांच्या वाचनाचं सगळ्यात मोठं फळ ते आहे. तणनाशक सहन करणाऱ्या त्या कापसाला आपल्या देशात लागवडीची परवानगी नाही. त्याला बिल नाही, टॅग नाही, आणि उगवलं नाही तर शेतकऱ्याला तक्रार करायला जागा नाही. तुमचा परवाना जाईल हे तर आहेच, पण जो माणूस वर्षभराची आशा तुमच्याकडून पिशवीत बांधून नेतो, त्याच्या हाती बिल नसणं ही मला जास्त मोठी गोष्ट वाटते. आमोस संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात असे व्यापारी आहेत. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, कधी संपतो आणि आपण धान्य विकायला कधी काढतो, अशी त्यांना घाई झालेली असते. माप लहान करतात, खोट्या तराजूने तोलतात, आणि गव्हात भुसाही विकतात.

तिथूनच रविवारच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही बंद ठेवता, ठेवत राहा. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात विसाव्याची आज्ञा देताना मुद्दाम म्हटलं आहे की नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घ्या. म्हणजे हंगामाची सबब तेव्हाही लोक सांगत असणार. नुकसान कमी करायचं तर शनिवारी रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवा, गावोगावच्या गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवा, फोनवर मागणी लिहून घ्या आणि सोमवारी सकाळी लवकर माल द्या. मात्र पेरणीच्या तोंडावर एखादा शेतकरी रविवारी दुपारी लांबून आला तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नका. शब्बाथ माणसासाठी झाला, हे वचन अशाच वेळेसाठी आहे. आणि तुमच्याकडे गोण्या उचलायला मुलगा असेल तर त्यालाही रविवारची सुट्टी आणि वेळेवर पगार मिळतो ना, ते बघा. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात हीच आज्ञा देताना चाकराचा विसावाही मालकाच्या बरोबरीने सांगितला आहे.

राहिला बायकोचा मुद्दा. ती पुस्तकांवर चिडलेली नाही, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. तिन्ही वेळा तुम्ही एकटे वाचताय आणि काळजी मात्र दोघांची आहे, त्यावर ती चिडली आहे. एक पुस्तक दोघांनी मिळून वाचा: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा पाच वर्षांनी, आणि मधल्या ताटातुटीचं सगळं त्यात आहे. पण तुमच्या कामाचं आहे ते पुढचं. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, समोर गरजू दिसला की गेला. चूल पेटवायची जबाबदारी लक्ष्मीबाईंची. श्रद्धा मोठी असलेल्या घरात हिशोब कोण ठेवतं, हे मराठीत इतक्या मोकळेपणाने दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. तुम्ही वाचून दाखवा, ती ऐकेल. ती हसेल तिथे थांबा आणि का हसलीस ते विचारा.

पुढच्या वाचनाचा क्रम असा धरा. सकाळचं शास्त्र चालू ठेवा, पण काही महिने अनुवाद, नीतिसूत्रे आणि लूक एवढंच, कारण पैशाबद्दल सगळ्यात जास्त तिथे आहे. त्याच वेळी रोजमेळ शेजारी ठेवा आणि आदल्या दिवशीची नोंद पूर्ण झाल्याशिवाय दुसरं पान उलटू नका. धंद्याचं एकच पुस्तक ठेवा, आणि तेही हिशोब कसा लिहावा याचं, म्हणजे रोख, उधारी आणि साठा कसा ताळ्यात ठेवायचा ते शिकता येईल. एखाद्या जुन्या खत-बियाणे व्यापाऱ्याकडे चार दुपारी बसायला मिळालं तर ते पुस्तकही नको. संमेलनातली बाकीची पुस्तकं सध्या कपाटात राहू द्या. ‘स्मृतिचित्रे’ आताच सुरू करा. वूलमन मात्र दसऱ्यानंतर घ्या. जून-जुलैत कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसून कुणाचंही वाचन होत नाही, आणि त्या दिवसांत ते होऊही नये.